काकीला आवडलेला शेवट

परवाचं ऐका गो. घरी पूजेचं जेवण होतं, म्हणून आम्ही बायका मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. माझी सोनल नववीत हाय. तिनं रोह्याच्या लायब्ररीतून मोठ्या मुलांची कादंबरी आणलेली. तिला म्हटलं, वाच मोठ्यानं, आमचा पण वेळ जाईल.

गोष्टीतल्या दोन मैत्रिणींचं एकमेकींवर प्रेम बसलं, आणि आमचे हात थांबले.

"असल्या पोरींना घरात कोंडून ठेवायला पायजे," माझी मोठी जाऊ म्हणाली. "शेवटी काय होतं, ते वाच गो."

सोनलनं शेवटचं पान उघडलं, काकीकडे बघितलं. मग वाचलं, की त्यातली एक जीव देते.

जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "गुणाची होती गो बिचारी."

संध्याकाळी मी ते पान उघडलं. सातवी शिकलेली मी, सावकाश वाचलं. दोघी शहरात खोली घेऊन राहतात. मरत कुणीच नाय.

"खोटं का वाचलंस गो?"

"काकीला ती मेल्यावरच आवडली ना, आई."

तेव्हापासून सोनल एकटी कुंडलिका नदीकडे निघाली, की मी पण पायात चपला सरकवते.