जुनं पुढे, नवं मागे

नाही, पण मला एक सांगा, माणसानं ताजा पाव खायचा तरी कधी? साधा प्रश्न आहे. हसू नका. तुम्ही दुकानात जाता, पाव घेता, घरी येता, खाता... संपला विषय. तुम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण तुम्ही बेशिस्त आहात. रागावू नका, पण आहात. घरात कालचा पाव शिल्लक असताना तुम्ही आजचा खाताच कसा? तो कालचा बिचारा मग काय करणार? परवाचा होणार. आणि त्याला कचऱ्यात कोण टाकणार, तर तुम्हीच, आणि वर महागाई वाढली म्हणून बोंब मारणार. आमच्या घरात असलं चालत नाही. म्हणजे चालत नव्हतं. आमच्या घरात एकच नियम. जुनं पुढे, नवं मागे.

तुम्हाला सांगतो, हा नियम काही मी खाटेवर लोळत काढलेला नाही. जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो मी. नट, बोल्ट, पट्टे, रबरी वायसर, ग्रीसचे डबे... नवा माल आला की मांडणीवर मागे सारायचा, जुना ओढून पुढे घ्यायचा आणि मागायला कुणीही येवो, पुढचाच द्यायचा. म्हणून माझ्या स्टोअरमध्ये कधी ग्रीस वाळलं नाही की वायसर तडकला नाही. मग एक दिवस नव्या साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. आमच्या मुलीपेक्षा जेमतेम मोठा असेल. "बसा काका. पाणी घ्या काका." आता साहेब पाणी विचारायला लागला की माणसानं समजून जावं... माणसं कमी करायची होती त्यांना. म्हणाला, "कुणाला तरी आधी जावंच लागणार ना, काका? आणि इथं सगळ्यात जुने तुम्हीच." नियम माझाच. पाणी प्यायलो आणि घरी आलो.

घरी आमची ही नुकतीच कामावरून आली होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांना "पुढचा नंबर, पुढचा नंबर" करून घसा बसलेला असतो तिचा. चहा ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "हे बघा, आता माझ्या एकटीच्या पगारात भाडंही भागायला हवं आणि खाणंपिणंही. नाही भागलं, तर दादाकडे जावं लागेल राहायला." दादा म्हणजे आमचा मेव्हणा. मनानं फार मोठा माणूस, आणि ते तो स्वतःच सांगतो. "अहो, वरची खोली रिकामीच आहे की! तुमचंच घर समजा!" आणि आपण टेकलो की, "जरा बेतानं हं, ती खुर्ची नवी आहे." एका लग्नाला त्याच्याकडे मुक्काम केला होता आम्ही, तेव्हा जिन्याखालून त्याचा आवाज यायचा, "नळ नीट बंद केलात ना?" मी पाणी पिऊन भांडं पालथं घालायच्या आत! त्या जिन्यावरून बाडबिस्तरा घेऊन वर चढायचं? या वयात? मी म्हटलं, मेलो तरी नाही. भाड्याचं का असेना, घर आपलं पाहिजे.

म्हणून मी हिला म्हटलं, "अगं, स्वयंपाकघर माझ्याकडे सोपव. कोठी, फळ्या, डबे, बाजारहाट, सगळं. खर्च निम्म्यावर आणतो की नाही बघ." हिच्या आधी आतल्या खोलीतून सासूबाईच बोलल्या. त्या आमच्याकडेच असतात, कानानं कमी ऐकू येतं म्हणतात, पण माझं बोलणं भिंतीपलीकडून ऐकतात. "जावईबापू, ते नटबोल्ट नव्हेत हो. नासतं ते." मी कशाला लक्ष देतोय? स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढली, आता काय टोमॅटो मला शिकवणार?

आमची कोठी म्हणजे कपाटापेक्षा मोठी आणि खोलीपेक्षा लहान. आत शिरलं की वळता येत नाही, मागल्या पायानं बाहेर यावं लागतं. सगळं बाहेर काढलं मी. काय सापडलं विचारू नका. डाळीची अर्धी अर्धी पाकिटं, प्रत्येकाला रबर लावलेलं. मिठाच्या पुड्या, कारण बाजारात गेलं की हिला मीठच आठवतं. एका बरणीत काहीतरी काळं होतं. ही म्हणाली, "ते आईचं आहे." सासूबाई म्हणाल्या, "छे, मला वाटलं तुझं आहे." म्हणजे दोघी ती बरणी दर सफाईला पुसून जागेवर ठेवत होत्या! असा कारभार. हिची पद्धत काय, तर डब्याचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि ठरवायचं. वास घेऊन स्टोअर चालतं का कुठं? मी फळ्या पुसल्या, डबे धुतले, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, मागच्या रांगेला कुणी हात लावायचा नाही. जुनं पुढे, नवं मागे.

आता खरी गंमत पावाची. माझा पहिला दिवस. मी पाव आणला, गरम, पिशवीतून वाफ येतेय. फळीवर बघतो तर आदल्या दिवशीचा पाव अख्खा शिल्लक. मग? नियम म्हणजे नियम. गरम मागे, कालचा पुढे. सगळ्यांनी कालचा खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत गरम आणला. पण फळीवर आदल्या दिवशीचा होताच की! मग तो खाल्ला. तिसऱ्या दिवशी तेच... तुमच्या लक्षात येतंय ना? आम्ही एक दिवस मागे पडलो होतो, आणि जे मागे पडलो ते कायमचे. घरात रोज गरम पाव यायचा आणि रोज आम्ही शिळा खायचो.

आमची कन्या कॉलेजात शिकते, बोलायला कुणाला ऐकत नाही. म्हणाली, "बाबा, एक दिवस पाव आणूच नकोस ना. आहे तो संपव, मग सुटलो आपण." म्हटलं, "आणि फळी रिकामी ठेवू? स्टोअरची फळी रिकामी म्हणजे स्टोअरकीपर झोपलेला, असं म्हणतात कारखान्यात." "मग एक दिवस दोन्ही खाऊन टाकू." म्हटलं, "व्वा! काटकसर करायला निघालोय आणि एका दिवशी दुप्पट खायचं?" तिनं कपाळावर हात मारला. आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठं? मी आजही विचार करतो, मला सापडत नाही.

आणि हे नुसतं पावाचं नाही हो. केळी घ्या. पिवळीधमक केळी घरात यायची, मागे बसायची आणि काळी पडली की खायला पुढे यायची. टोमॅटो हातात धरला की बोट आत जायचं. दूध असं, की तापवताना सगळं घर श्वास रोखून पातेल्याभोवती उभं. बटाट्यांना कोंब फुटायचे, ते बघून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, शेती करताय का?" पण एक गोष्ट सांगतो, वाया काही जात नव्हतं. जायच्या अगदी आदल्या क्षणी सगळं पोटात जात होतं.

मग मला आणखी एक युक्ती सुचली. तिथं मात्र मी मानतो स्वतःला. कोपऱ्यावरचा पाववाला आदल्या दिवशीचे उरलेले पाव निम्म्या भावात देतो. म्हटलं, आपण खाणार शिळाच, मग ताज्याचे पैसे का मोजायचे? तो पाव बांधता बांधता म्हणाला, "काका, हा आजच्या आज खाऊन टाका बरं का." मी म्हटलं, "आज? आज याचा नंबर नाही." घरी आणला आणि मागे ठेवला. म्हणजे शिळा पाव आणखी शिळा होण्याची वाट बघत बसला. सुरी आत जाईना. मी पाण्याचा हात लावून कापायचो.

आणि हळूहळू, तुम्हाला सांगतो, घरातली माणसं कमी खायला लागली. कन्या पावाचे तुकडे डब्यात भरून न्यायची, "कॉलेजात खाते." ही म्हणायची, "दवाखान्यात झालं माझं." सासूबाईंना भूकच लागेना. मला काय आनंद झाला म्हणता! खप उतरला ना. पण खप उतरला की माल पडून राहतो, पडून राहिला की आणखी जुना होतो, आणि तो आणखी जुना झाला की खप आणखी उतरतो... मी एकटाच कोठीत उभा राहून खात होतो, माल हलता राहावा म्हणून. कोपऱ्यावरचं कुत्रं मात्र बघता बघता गुबगुबीत झालं. मला कळेना, हे मला बघून रस्ता का बदलतं? नंतर कळलं, कन्येचा डबा त्याच्यासमोर रिकामा व्हायचा, आणि शेवटी शेवटी तेही नको म्हणत होतं.

मग तो दिवस आला. पिठाच्या गोणीत किडे झाले होते. गोणी मीच आणली होती, स्वस्त पडते म्हणून. पीठ पसरायला जुनी चादर हवी होती. जुनी, बरं का. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, म्हणून त्यांच्या खोलीतलं चादरींचं कपाट उघडलं... आणि वास आला. गरम पावाचा. मला आधी वाटलं, भास होतोय. चादरी सारल्या तर मागे टॉवेलात गुंडाळलेला पाव, हाताला ऊब लागत होती. लोण्याची डबी. लाल, घट्ट टोमॅटो. आणि केळी... इतकी पिवळी केळी असतात हे मी विसरलोच होतो. आणि सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? त्यात एक अर्धा पाव कालचा होता, आणि तो मागे ठेवला होता. नवं पुढे!

संध्याकाळी तिघींना समोर बसवलं. पाव मध्ये टेबलावर. सासूबाईच आधी म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, नासतं ते." मी हिला म्हटलं, "अगं, एका पगारात दोन दोन कोठ्या? तू तरी मला सांगायचंस!" तेव्हा ही म्हणाली, आणि फार हळू म्हणाली, "काम सुटल्यापासून तुम्ही घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचात. कोठीत शिरलात त्या दिवशी पहिल्यांदा शीळ घातलीत. मग कुणाच्या तोंडून निघणार, की बंद करा म्हणून?" कन्या म्हणाली, "बाबा, तू चिठ्ठ्या चिकटवताना इतका खूश दिसत होतास." रागवायची सगळी तयारी करून बसलो होतो मी. तो पाव उचलला आणि टॉवेलात परत गुंडाळून ठेवला.

तर अशी ही काटकसर. मी शिळं आणून पैसे वाचवत होतो, आणि मी दुखावू नये म्हणून या तिघी ताजं आणून ते खर्च करत होत्या. हिनं दोन्ही कोठ्यांचा हिशेब मांडला, भाड्याला काही उरेना, मग घरमालकाकडे जाऊन आली आणि आल्यावर दादाला फोन लावला. फोनमधून मला कोठीत ऐकू आलं, "अगं, वरची खोली रिकामीच आहे की!"

काल आलो आम्ही इथं. कोठीतलं उरलेलं मी पिशवीत भरून आणलंय, टाकणार थोडंच? जिना चढलो, नव्या खुर्चीवर बेतानं टेकलो. आणि मेव्हण्याची बायको, ती मात्र खरंच भली बाई, समोर ताट घेऊन आली. गरम पाव. आत्ताच भट्टीतून आणलेला, वर लोणी विरघळतंय. "घ्या भावजी, निवायच्या आत खा." ही माझ्याकडे बघतेय, कन्या बघतेय, सासूबाईसुद्धा चष्मा पुसून बघतायत. सगळ्यांचे डोळे म्हणतायत, खा आता तरी. इतक्या दिवसांनी गरम पाव समोर, कुणाची आडकाठी नाही, कोठी नाही, फळी नाही, चिठ्ठी नाही... मी हात पुढे केला. आणि तुम्हाला सांगतो, पायाशी पिशवी होती. पिशवीत माझा पाव होता.

म्हटलं, "वहिनी, हा राहू दे झाकून. आधी जुना संपवतो." मेव्हणा म्हणाला, "अहो, पण मग हा गरम कधी खाणार?"

म्हटलं, उद्या. उद्या त्याचाच नंबर आहे.