मिस्टर बेवन यांनी खाते का हलवले नाही

जबाब देणार : नेस्ता वॉट्किन, वय ६३ वर्षे, व्यवसाय : बँकेत काउंटरवर नोकरी, राहणार चॅपल रस्ता, पॉन्टवेल, वेल्स.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कॉन्स्टेबल बेथन हॉवेल्स यांनी विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती गेथिन वारले आहेत. गावातल्या एकुलत्या एका बँकेत मी लग्नाआधीपासून काउंटरवर आहे. शाखेत खिडक्या दोन. डावीकडे मी, उजवीकडे ह्यू. मी नियमाने चालते, हे साऱ्या गावाला माहीत आहे. कर्मचाऱ्याने आपल्या नातेवाइकाचे किंवा जवळच्या व्यक्तीचे खाते स्वतः हाताळायचे नाही, असा बँकेचा नियम आहे. त्यामुळे माझी सख्खी बहीणसुद्धा ह्यूच्या रांगेत उभी राहते. एकदा ती भर शाखेत ओरडली, "अगं, तुझ्यासमोर चिटपाखरू नाही आणि मी इथे ताटकळतेय!" मी मान वर केली नाही. त्यानंतर नाताळपर्यंत तिने माझ्याशी अबोला धरला होता.

इदवल बेवन, वय ७१, निवृत्त बसचालक, हे शाखेचे जुने ग्राहक आहेत. दर शुक्रवारी येतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या गायनसंघाची तालीम असते, म्हणून अंगात संघाचा हिरवा कोट असतो. ते माझ्याच खिडकीवर येतात. ह्यू मोकळा असला तर मागच्याला "तुम्ही व्हा पुढे" म्हणून वाट करून देतात. पैसे काढतात ते जेमतेम आठवड्याच्या भाजीपुरते. मी दर वेळी म्हणते, "मिस्टर बेवन, बाहेर भिंतीत मशीन आहे. एवढ्यासाठी आत कशाला येता?" आणि ते दर वेळी म्हणतात, "मशीन रागावत नाही हो. माणसाला रागावणारं कुणीतरी लागतं." याशिवाय आमचे बोलणे त्यांचा गुडघा, हवा आणि वरच्या सुरातले गायक शेवटची ओळ किती लांबवतात, एवढ्या विषयांवर होते. मागे रांग असल्यास मी ते आवरते घेते. रांग नसल्यास घेत नाही.

गेथिनच्या दफनाच्या वेळी हाच संघ गायला होता. मिस्टर बेवन मागच्या रांगेत, डावीकडून दुसरे उभे होते. याचा तपासाशी संबंध नाही.

या महिन्यात मिस्टर बेवन यांचे खाते दुसऱ्या बँकेत हलवण्याची विनंती माझ्या पडद्यावर आली. ती बँक सगळी मोबाइलवरच चालते, तिला शाखा नाही. अशा बदलात पेन्शन, विजेचे बिल, सगळे आपोआप तिकडे जाते आणि आमच्याकडचे खाते बंद होते. नातीने, म्हणजे कारिसने, त्यांच्या फोनवरून अर्ज भरून दिला होता. त्या दिवशी संध्याकाळी माझी रोकड जुळेना. ह्यूने विचारले, "नेस्ता, बरं नाही का?" मी चष्म्याचा नंबर वाढल्याचे सांगितले.

आज बुधवार. आज दुपारी मिस्टर बेवन आले. बुधवार असून अंगात हिरवा कोट होता, ही पहिली खटकलेली गोष्ट. खिडकीला दोन्ही हात टेकवून म्हणाले, "खातं हलवायचं नाही. थांबवा. आजच्या आज."

विनंती रद्द करण्याची मुदत आज शाखा बंद होईपर्यंतच होती. रद्द करायचे ते नव्या बँकेला कळवून. फोन करणे ज्यांना जमत नाही, त्यांना आम्ही शाखेतून लावून देतो. परंतु वयस्कर ग्राहक असे घाईने आले, तर आधी ठरलेले प्रश्न विचारायचे, असा आम्हाला आदेश आहे. म्हाताऱ्या माणसांना फोनवरून पढवून लुबाडणारे हल्ली फार झाले आहेत. मी प्रश्नांचा कागद घेतला.

"का रद्द करताय?"

"खासगी आहे."

"घरी सांगितलंय?"

"कारिसला कळता कामा नये. पोरगी मनाला लावून घेईल."

"हे करायला तुम्हाला कुणी सांगितलंय का, मिस्टर बेवन?"

यावर ते कानापर्यंत लाल झाले. इतक्यात त्यांच्या कोटाच्या खिशातून पुरुषाचा आवाज आला, "इदवल, कच खाऊ नकोस! ती प्रश्न विचारणारच. ठरलंय तसं बोलून टाक, मी आहे लाइनवर!"

घाई, लपवाछपवी, घरच्यांपासून चोरी आणि खिशात पढवणारा माणूस. कागदावरच्या सगळ्या खुणा एकाच ग्राहकात दिसल्या. इतका नमुनेदार प्रकार मला प्रशिक्षणातही कुणी दाखवला नव्हता. मी घाबरले. हे असेच लिहून घ्यावे. भल्या माणसाची आयुष्यभराची कमाई कुणीतरी ओरबाडून नेणार आणि ती माझ्या खिडकीतून जाणार, असे मला वाटले. मी त्यांना म्हटले, "बसा जरा, प्रिंटर अडकलाय," आणि मागच्या खोलीत जाऊन पोलिसांना फोन केला.

कॉन्स्टेबल हॉवेल्स आल्या आणि आम्हा दोघांना इथे ठाण्यात घेऊन आल्या. रस्ताभर मिस्टर बेवन एवढेच म्हणत होते, "प्रिंटर अडकला म्हणालीस, नेस्ता. प्रिंटर."

खिशातल्या आवाजाची चौकशी केली असता तो डिलविन प्राइस यांचा निघाला. ते गायनसंघात मिस्टर बेवन यांच्या शेजारी उभे राहतात. सध्या पाय प्लॅस्टरमध्ये असल्याने घरी आहेत. कॉन्स्टेबलने दरडावताच फोनवरून ओरडले, "बाई, मला खुशाल आत टाका, पण त्याला आज बोलू द्या! मी ऐकून ऐकून किटलोय!"

मिस्टर बेवन यांनी मी खोलीबाहेर जावे अशी विनंती केली. मी नकार दिला. त्यांना कोण लुबाडते आहे हे कळेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही, असे मी सांगितले.

कॉन्स्टेबल म्हणाल्या, "बेवनकाका, कारण कळल्याशिवाय मी हे रद्द करू देऊ शकत नाही. आणि बँक बंद व्हायला आलीय. मग खातं गेलंच समजा."

मिस्टर बेवन भिंतीवरच्या हीटरकडे बघत बोलू लागले. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत असे : "कारिस म्हणाली, आजोबा, गुडघा दुखतोय, बसनं गावात कशाला जाता? सगळं फोनवर होतं. खरंच बोलली पोरगी. मी हो म्हटलं. मग बसलो चहा घेऊन आणि मनात आलं, आता शुक्रवारी जायचं कुठे? बँकेत तसं मला काही काम नाही. कधीच नव्हतं. बाहेर मशीन आहे हे मला दिसतं. मी आंधळा नाही."

कॉन्स्टेबल म्हणाल्या, "मग काम नसताना जाता कशाला?"

"डावीकडच्या खिडकीसाठी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, बेथन, डावीकडे कोण बसतं?"

कॉन्स्टेबल लिहायच्या थांबल्या. मी त्यांना "लिहा" म्हटले.

त्यांनी लिहिता लिहिता विचारले, "इतकी वर्षं बोलला का नाहीत, काका?"

"गेथिन गेला तेव्हा लगेच कसं बोलायचं? आणि नंतर न बोलायचीच सवय लागली. डिलविन म्हणाला, खातं थांबवायला जातोयस तर कारणही सांगून टाक. मी म्हटलं, ती विचारेल तेव्हा सांगेन. तर हिने विचारलं ते कागदावरून."

या ठिकाणी मी जे बोलले ते कॉन्स्टेबलच्या सांगण्यावरून नमूद करते. मी म्हटले, "अरे मूर्ख माणसा, मला वाटलं तुला कुणीतरी नागवतंय. जीव गेला असता माझा."

त्यांनी विचारले, "म्हणून पोलीस बोलावलेस?"

"बोलावले. पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा बोलावीन."

फसवणुकीचा प्रकार नसल्याची कॉन्स्टेबलची खात्री पटल्यावर ठाण्याच्याच फोनवरून नव्या बँकेला फोन लावला. बराच वेळ नुसते संगीत वाजत होते. मिस्टर बेवन त्याला खालच्या सुरात साथ देत होते. मी ती थांबवली नाही. नंतर एक मुलगा बोलला. आमच्या सेवेत काही कमी पडलं का, असे त्याने विचारले. मिस्टर बेवन म्हणाले, "नाही रे बाळा, तुझं काही चुकलं नाही. तुमच्याकडे खिडकी नाही, एवढंच." विनंती मुदतीत रद्द झाली. त्यांचे खाते आमच्याच शाखेत राहील.

कारिसला फोन करून सगळे सांगण्यात आले. ती आधी रडली आणि मग इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आजोबा, आधी बोलायचं की! मीच गाडीतून सोडलं असतं दर शुक्रवारी," असे ती म्हणाली. तिच्या मनात काही राहिलेले नाही.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. पोलिसांची हकनाक धावपळ झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे. मला पश्चात्ताप मात्र नाही.

एक बाब बँकेच्या नियमाप्रमाणे नोंदवणे भाग आहे. उद्यापासून जुने ग्राहक श्री. इदवल बेवन यांचे खाते मी हाताळू शकत नाही. त्यांनी पैसे काढण्यासाठी ह्यूच्या खिडकीवर जावे. तसे मी मॅनेजरना फोनवर कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

हा जबाब कॉन्स्टेबल हॉवेल्स यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. खोलीचे दार उघडे होते आणि मिस्टर बेवन बाहेर बाकावर बसले होते. ह्यूचे नाव येताच ते तिथून ओरडले, "नेस्ता! मला ह्यूच्या रांगेत घालतेस? मग मी एवढा खटाटोप कशासाठी केला?" वरच्या परिच्छेदात त्यांच्या नावामागे कॉन्स्टेबलने "जुने ग्राहक" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. नियमातले शब्द "जवळची व्यक्ती" असे आहेत, तेच लिहावेत असे सांगितले. कॉन्स्टेबलने दुरुस्त केलेली ओळ पुन्हा एकदा, सावकाश वाचली. बाकावरून मघासारखाच खालचा सूर ऐकू येऊ लागला. दुरुस्तीशेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो बरोबर आहे.