बर्फ थांबेपर्यंत

फोन उचलत नाही, एवढंच ना? मग असा चेहरा करून दारात काय उभा राहिलास, अच्युत, आत ये, बस आधी — बूट राहू देत, मी पुसून घेईन नंतर — भर दुपारी कारखाना सोडून तू जिना चढून वर आलास. म्हटलं काय झालं नि काय नाही. तर सकाळपासून घंटी जाते आणि उदय उचलत नाही. अरे, झोपला असेल. एवढ्या थंडीत पांघरुणातून हात बाहेर काढायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? आणि तिथल्या ऑफिसलाही गेला नाही म्हणतोस, तर जाईल कसा? मीच सांगितलंय त्याला, बर्फ थांबेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. लग्न झालं, पोरगी झाली, पण माझ्या उदयनं माझा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. तुम्ही पोरं त्याला आईचा लाडोबा म्हणून चिडवायचात, ठाऊक आहे मला, वर बाल्कनीत सगळं ऐकू यायचं.

चहा टाकते. नको कसा, अर्धा कप घे. हे बाजारात गेलेत, येतीलच एवढ्यात — यांच्यासमोर मात्र हा चेहरा नको, आधीच यांचं बीपी चढलेलं असतं.

तुला काय सांगायचं म्हणा, तू त्याच साइटवर दोन हिवाळे काढून आलास. आम्हाला बर्फ म्हणजे गाडीवरचा गोळा. इथे बरखेड्यात थंडी पडली की आम्ही बायका गच्चीवर उन्हात बसून मटार सोलतो, झाला आमचा हिवाळा. इथल्या कारखान्यातलं टर्बाईन तिकडे हिमाचलात बसवायला उदयला पाठवलं, ठीक आहे, नोकरी आहे, पण बायको आणि पाच महिन्यांचं पोर बरोबर न्यायची काय गरज होती? मी म्हटलं होतं, प्रतिभाला नि चिमीला ठेव माझ्याकडे उन्हाळ्यापर्यंत. छे. राजाराणीला एकत्र राहायचं होतं. आणि जाऊन आठवडा होत नाही तो आभाळ फाटलं. आधी मजा — प्रतिभानं म्हणे खिडकीतून फोटो काढले. मग लाइट गेली. लाइट गेली की तो हीटर नुसता शोभेचा. नळ गोठले, पातेल्यात बर्फ वितळवून चिमीचे लंगोट धुवायचे. छतावर हा एवढा थर, उदय शिडी लावून रोज फावड्यानं खाली ओढायचा, नाहीतर पत्रा खाली बसला असता, आणि तो ओढलेला बर्फ साचत साचत खिडक्यांच्या वर आला. दिवसासुद्धा घरात अंधार. मी इथे उन्हात बसून ऐकायची आणि मला हुडहुडी भरायची.

आणि तो रस्ता. त्या दिवशी तिथल्या साहेबांनी निरोप दिला, ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी खालच्या कॅम्पात यावं, तिथे जनरेटर आहे, चाकांना साखळ्या बांधून जीप सोडतो. उदय तयार! खाली तुमच्या घरी फोन करून मला बोलावलं आणि सांगतो काय, आई, सामान बांधतोय. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एका अंगाला दरी, खाली गुळगुळीत बर्फ, आदल्या दिवशी एक ट्रक आडवा झालेला, आणि तू तान्हं पोर घेऊन निघालास? जायचं नाही. गेली ती जीप, दोन बिऱ्हाडं गेली, हे तिघं राहिले. काय झालं रे त्यांचं? पोचली? सगळी सुखरूप? बरं झालं. नशीब बलवत्तर म्हणायचं. पण दरवेळी असं होत नाही.

रस्त्यावर धावणाऱ्यांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, अच्युत. तुम्ही सगळे तेव्हा इंदूरला गेला होतात, तुझ्या आजोळी. आम्ही त्या रात्री अशोका गार्डनला कमलवन्संकडे मुक्कामाला — नातवाचं बारसं होतं त्यांच्या. गॅसची रात्र, त्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला ती. डोळ्यांत कुणी मिरचीपूड भरल्यासारखं झालं, अख्खी गल्ली धावत सुटली, वन्सं म्हणतात पळा, हे म्हणतात पळा, आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले. एकाला बाहेर जाऊ दिलं नाही. चादरी, परकर, बारशासाठी आणलेल्या नव्या साड्या, हाताला लागेल ते बादलीत बुडवलं आणि दाराखाली, खिडक्यांच्या फटींत कोंबलं. उदय नववीत होता. माझ्या बरोबरीनं तोच कोंबत होता, रडत होता आणि कोंबत होता. सकाळी दार उघडलं तर बाहेर — जाऊ दे, ते नको. आम्ही घरातले सगळे जिवंत राहिलो, एवढं पुरे. तेव्हापासून मला कुणी शहाणपण शिकवू नये. संकट बाहेरून येतं, आणि दार बंद असलं की माणूस वाचतं. आयुष्यात एवढी एक गोष्ट मला पक्की कळलीय.

म्हणून तर परवा त्याला सांगितलं. म्हणाला, अंगीठीत कोळसा पेटवून तिघं एकाच खोलीत झोपतो, पण फटींतून असा वारा येतो की चिमी रात्रभर रडते. मी म्हटलं, मग बुजव की फटी, विसरलास का कशा बुजवायच्या? ओली कापडं लाव. तिथे तर आणखीच सोपं, ओलं कापड घटकेत गोठून दगड होईल, मुंगी शिरायची नाही आत. तर हा अडखळला. म्हणे, प्रतिभा म्हणते, इथे सगळे सांगतात की अंगीठी असली तर खिडकी थोडी किलकिली ठेवायची असते. घ्या! प्रतिभा म्हणते! कालची पोर, हिनं काय पाहिलंय? सांगलीला पंख्याखाली वाढली ती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं आईचं ऐकलं आणि आता मधेच प्रतिभा काय म्हणते ते मला ऐकवतो. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, उदय, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. बर्फ थांबेपर्यंत दार-खिडकी उघडायची नाही आणि एक फट ठेवायची नाही. मग म्हणाला, बरं आई.

काय? धुराडं? नाही रे, धुराडं कुठलं, नुसती लोखंडी अंगीठी आहे, तिथल्या बाजारातून आणलेली. तुझ्या क्वार्टरला होतं का धुराडं? याच्या नाही. पण कोळसा एकदा लाल झाला की धूर होतच नाही मुळी, आम्ही जन्मभर शेगड्या पेटवल्यात. तू असा पुढे सरकून का बसलास?

काल? काल संध्याकाळी बोलले की, तुमच्याच घरी खाली येऊन, तू कामावरून यायचा होतास अजून. आवाज जड होता त्याचा, झोपेतून उठल्यासारखा. सगळं बुजवलंय म्हणाला, अगदी तू सांगितलंस तसं. म्हटलं, शहाणं माझं बाळ. मग म्हणे, सकाळपासून डोकं फुटतंय, प्रतिभाला उलट्या होतायत. मी म्हटलं, थंडी बाधलीय, दुसरं काही नाही, सुंठ-गूळ घ्या, अंगीठीत कोळसा आणखी घाल आणि पडून राहा. चिमीचं विचारलं तर ती झोपलेली. दुपारपासून झोपलीय म्हणाला, दुधालाही उठली नाही. मला बरंच वाटलं, म्हटलं ऊब मिळाली पोरीला, आता रडायची नाही. नंतर तो काहीतरी बोलत होता, पण जीभ अडखळल्यासारखं, शब्द लागत नव्हता. लाइन खराब असेल म्हणून मी ठेवला फोन.

उठलास का? अच्युत, चहा होतोय, खाली बस.

धूर नसतो म्हटलं ना मी — वास? कशाला वास नसतो? असं काहीतरी बोलू नकोस. गॅस त्या रात्री होता, बाहेर होता, घरातल्या अंगीठीतून कसला आलाय गॅस. बंद खोलीत आधी डोकं दुखतं. मग उलट्या. मग नुसती झोप येते. हे तू शिकलेलं सांगतोयस की आमच्या उदयचं सांगतोयस?

थांब. जरा थांब. तो काही लहान नाही रे, इंजिनिअर आहे, त्याला कळलं असेल. कळलं तर उठेल, हात लांब करेल आणि कापड ओढून काढेल — गोठलं असलं तरी लाथ घालून दार उघडता येतं, येतं ना? पण उघडणार नाही तो. मी ओळखते माझ्या पोराला. तिथल्या तिथे पडून राहील, बायको विनवत असली तरी पडून राहील, पण माझी शपथ मोडायचा नाही.

मग उभा काय राहिलास माझ्यापुढे. जा खाली. फोन लाव त्या ऑफिसला, असतील तेवढे सगळे धाडायला सांग, दार फोडा म्हणावं, खिडक्या फोडा, आधी चिमीला बाहेर काढा — आणि त्याच्या कानाशी कुणीतरी मोठ्यानं सांगा, आईनं कळवलंय, शपथ सुटली. सुटली म्हणावं, सुटली. जा.