पुस्तक चांगलं, खलनायक पटत नाही

मला काही बोलायचं नाही, पण... बापाला कादंबरीत घालायचं तर निदान आधी कानावर घालावं की नाही? नाही! सरळ छापलं आणि वर वाढदिवसाला मलाच भेट दिलं! 'बाबा, सावकाश वाच हं!' आणि मी येडा रडलो हो आनंदानं! आमची तूवा, अजून मोजे उलटेच धुवायला टाकते, आणि तिची कादंबरी! तरुण पोरांसाठीची, जग बुडाल्यानंतरची... हल्ली पोरांना बुडालेलंच जग आवडतं, बाहेर चांगलं लख्ख ऊन असलं तरी पडदे ओढून वाचत बसतात!

तुम्हाला सांगतो, अर्धं पुस्तक एका बैठकीत संपवलं. काय वेग! स्टॉकहोम पाण्याखाली, उरलीय एक उंच इमारत, पाणी भरायला प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि पाळ्या ठरवणारा एक हलकट म्हातारा, महानियंत्रक! त्याच्याविरुद्ध उठते रूना नावाची पोर. प्रकरण असं ऐन मोक्याला तुटतं की चुलीवरचे बटाटे करपले माझे! मी बायकोला ओरडून सांगतोय, 'उल्ला, काय नीच माणूस रंगवलाय गं पोरीनं! दार ठोकतो, खाकरतो आणि म्हणतो, मला काही बोलायचं नाही, पण...'

उल्ला विणत होती. विणतच राहिली.

पुढं वाचतो, तर हा महानियंत्रक करतो काय? कपडे वाळवायच्या ड्रायरच्या जाळीत करडा कापूस साठतो ना, तो कुणी न काढता गेला, की हा तो पिशवीत भरून त्याच्या दाराला टांगतो! सगळ्यांना दिसेल असा! आणि माझा हातच थांबला... अहो, ती पिशवी मी टांगली होती! शेजारच्या यॉर्डिसच्या दाराला! ऐन नाताळात! आमच्या इमारतीची सगळ्यांची मिळून असलेली कपडे धुवायची खोली मीच बघतो, तळघरातली. पाळीवर यायचं, पाळी संपली की निघायचं, जाळी साफ करून जायचं. यात हुकूमशाही कुठून आली?

'उल्ला... हा मी आहे?'

'तुला आत्ता कळलं? अख्ख्या इमारतीला पहिल्याच पानावर कळलं.'

पायाखालची जमीनच सरकली हो! शेवट वाचला, तर त्या म्हाताऱ्याला तळघरात कोंडतात आणि वर सगळे नाचतात. बरं, रूना निघते त्याचीच मुलगी! ती तरी रडेल? छे! टिपूस नाही डोळ्यात! मला काही बोलायचं नाही, पण... मी जेवलो नाही त्या दिवशी.

आणि तशात वाचनालयात चर्चा! गोल करून बसायचं, कॉफी, वेलचीचे पाव, आणि पाळीपाळीनं एकेक गुण सांगायचा, एकेक उणीव. मधे तोंड घालायचं नाही. तूवा कोपऱ्यात, चेहरा पांढराफटक. एक पोरगी म्हणाली, 'रूना झकास! पण दोन मुलं तिच्यावर मरतात, दोघांच्याही गालाला खळी, ओळखायचं कसं?' तिसऱ्या मजल्यावरचा टॉर्केल म्हणाला, 'वेग उत्तम. पण जग बुडालं, वीज गेली, अन् ड्रायर बरा चालू राहिला?' मग यॉर्डिस. कॉफीचा घोट घेतला, माझ्याकडे न बघता म्हणते, 'भाषा गोड आहे. पण तो महानियंत्रक नाही पटत बाई. असा माणूस असतो का कुठं? आणि इतकं वाईट वागायला कारण काय?'

कारण? मी ताडकन उठलो!

'कारण तो कापूस! तो साठला की आग लागते! वर त्या माणसाची पोर झोपलेली असते! तिच्यासाठी रोज तळघरात उतरतो तो, लोकांच्या शिव्या खातो... आणि तीच पोर शेवटी रडत नाही, ही खरी उणीव आहे या पुस्तकाची!'

आणि चर्चा चालवणारी बाई हळूच म्हणते, 'सिक्स्टेन, तुझी पाळी आली नव्हती.'

मी! जन्मात पहिल्यांदा! पाळी मोडली! शरमेनं मेल्यासारखं झालं... पण बाहेर आल्यावर तूवानं हात धरला माझा, डोळे भरलेले. 'बाबा, हे कधी बोलला नाहीस रे. दुसऱ्या भागात सोडवते त्याला.' आता सांगा, बापाला आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी माझी धुवायची पाळी. खाली जातो, तर यंत्रात कपडे कुणाचे? तूवाचे! मोजे उलटे! ड्रायरच्या जाळीत हा एवढा कापूस! मी हूं की चूं केलं नाही. मोजे सुलटे केले, घड्या घातल्या. वळतो, तर दारात तूवा.

'बाबा, चिडला नाहीस?'

'नाही गं सोन्या.'

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला! 'अरे बापरे... मग मी लिहू काय? मुद्दाम ठेवला होता मी तो कापूस! प्रकाशकबाई म्हणाल्या, पुस्तकाची खरी ताकद खलनायकातच आहे!'

काय करता? पोरीला वर पिटाळलं, पिशवी घेतली, कापूस भरला, वर गेलो आणि टांगली... आमच्याच दाराला. ठोकलं दार, खाकरलो. आतून पोर वही घेऊन धावत आली.

मला काही बोलायचं नाही.