पान एक्केचाळीस

अहो, नाही घेत मी नवीन मुलं, किती वेळा सांगू? — बसा, बसा, एवढी चढण चढून आलाय तर चहा घेऊन जा, ताजा पुदिना आहे — पण नाव नाही घेणार. तो जन्माचा दाखला ठेवा तिकडे, चष्म्याशिवाय मला दिसत नाही, आणि वाचून तरी करायचंय काय? महिनाअखेर बालवाडी बंद. चाळीस वर्षं चालवली, पुरे झालं. नातीला जाऊ द्या आत मुलांच्यात — जा गं बाळ, ते रव्याचं ताट घे, घाल बोटं, सांडला तर सांडू दे.

बंद का म्हणजे? हे बघा. हे पुस्तक. गुरुवारी तपासनीस टेबलावर टाकून गेला — मला म्हणाला, लल्ला तामू, सहा दिवसांचं प्रशिक्षण केलंत तर परवाना, नाहीतर कुलूप. सहीचा कागद आतच आहे, आज शेवटचा दिवस. आणि शिकवणार कोण? जिनं हे पुस्तक लिहिलंय तीच. मागचा फोटो बघा. गिझलान. माझी गिझलान! चार वर्षांची असताना याच बाकावर नाक ओढत बसायची, अठराव्या वर्षी मदतनीस म्हणून परत आली, आठ वर्षं माझ्या हाताखाली — हाताखाली कसली, माझ्या ताटात जेवली हो ती. मग शिकायला मराकेशला गेली, मोठी बाई झाली, आता महिनाभर इथे साफीत मुक्काम ठोकून बसलीय, आणि मी अडुसष्टाव्या वर्षी वही घेऊन तिच्यासमोर बसायचं, पोरांना अक्षरं कशी शिकवायची ते शिकायला! हसा की. नाही हसत? बरं, साखर हवी तर घ्या आणखी.

पुस्तकात काय आहे सांगू? मी आहे. पहिल्या पानापासून मीच. कुंभारांच्या टेकडीवरून ओली माती आणायची, मुलानं अक्षर आधी मातीचं वळायचं, मग रव्यात बोटानं गिरवायचं, मग कुठे पाटी — हे माझं. तिथे त्याला म्हणे बहुसंवेदी अध्ययन. अरबी अक्षरांच्या ठिपक्यांच्या जागी हरभरे — ‘बा’ अक्षराच्या होडीखाली एक, ‘ता’च्या होडीवर दोन — चुकला तर सांगायचं नाही, शेजारच्याची होडी बघून त्याचं त्याला कळू द्यायचं — तो ज्ञानरचनावाद. जमलं की खजूर द्यायचा, त्या खजुराचंसुद्धा नाव बदललं हो, प्रबलन म्हणतात आता! आणि आधी मनगट धरायचं, मग कोपराला नुसतं बोट लावायचं, मग हळूच मागे सरकायचं, पोराला पत्ताही लागू द्यायचा नाही की आता कोणी धरलेलं नाही — त्याचं तर अख्खं प्रकरण केलंय, बाणांच्या आकृत्यांसकट. कुठल्या पंडितानं शोधलं मला नाही माहीत, माझी आई मला तसंच भाकरी थापायला शिकवायची. आणि माझं नाव? शोधा. प्राध्यापकांचे आभार, नवऱ्याचे आभार, मांजराचे तेवढे राहिले. आयत्या पिठावर रेघोट्या! केसानं गळा कापला माझा. आपलं म्हणून वाढवलेल्या पोरीनं.

नाही, एका जागी आहे मी. पान एक्केचाळीस, कोपरा दुमडलाय बघा. ‘एका बालवाडीत एका डावखुऱ्या मुलीचा हात बांधून ठेवत असत.’ एका बालवाडीत! खोटं आहे. — म्हणजे, खोटं नाही, पण लिहिलंय कसं बघा ना, जसा काही दोरखंड बांधला. ओढणी होती हो. माझीच, लोकरीची, मऊ. आणि तेव्हा सगळेच करायचे, तुमच्या काळी नव्हते का करत? डाव्या हातानं जेवणार, डाव्यानं लिहिणार, चारचौघांत कसं दिसणार — गिझलानची आईच म्हणाली होती, लल्ला, हिचा हात तेवढा वळवा. किती दिवस? आठवडाभर. — दोन-तीन महिने असतील. थंडी पडल्यापासून रमजान लागेपर्यंत. तिनं हट्ट केला, मी केला. आणि एकदा — हे तिनं लिहिलेलं नाही हं, हे फक्त तिला आणि मला ठाऊक — एकदा तिला लघवीला लागली आणि एका हातानं नाडी सुटेना. हाक नाही मारली तिनं. इथेच, या दाराशी उभी राहिली, पायाखाली ओलं झालं तरी उभीच, आणि माझ्याकडे बघत होती. मी काय केलं? ओरडले. सगळ्या पोरांसमोर. नंतर पुसलं, कपडे बदलले, कुशीत घेतलं, सगळं केलं — पण आधी ओरडले. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे?

आठ वर्षं, हाजीसाहेब! आठ वर्षं माझ्याबरोबर माती मळली, पोरांची नाकं पुसली, उजव्या हातानं मोत्यासारखं अक्षर काढून दाखवलं, आणि एका शब्दानं बोलली नाही. का नाही बोलली? तिनं तोंडावर म्हणायचं होतं मला, लल्ला, तुम्ही चुकलात. मी काय खाल्लं असतं तिला? — ओरडले असते, हो, ओरडले असते एखादवेळेस. पण पुस्तकाला सांगितलं, अख्ख्या देशाला सांगितलं, मला नाही सांगितलं! माती ने, हरभरे ने, माझं नाव नको घालूस, तेही चालेल. हे मात्र मला आधी सांगायला हवं होतं. ते लागलं मला.

अहो, अहो, काय करताय? सोडा तिचा हात! डाव्यानं काढतेय तर काढू द्या — तेवढं दिसतं मला, आंधळी नाहीये अजून — बदलू नका म्हणते ना! तुम्हीही तसलेच. काढ गं बाळ, आजोबांकडे नको बघूस. वरून खाली. अगदी सरळ आलाय अलिफ. नाव काय तुझं? नुहैला. वा. आणि आईचं?

काय म्हणाली ही? — थांबा. चष्मा. इथेच होता — तो दाखला द्या इकडे. द्या म्हणते.

म्हणजे तुम्ही सासरे गिझलानचे. अर्धा तास मी तुमच्या सुनेला शिव्या घालतेय आणि तुम्ही खुशाल चहा पिताय! तिला ठाऊक आहे, हिला इथे आणलंय ते? — तिनंच? डावखुरी पोर, आणि माझ्याकडे? चिठ्ठी वगैरे काही? — काहीच नाही. नुसतं, लल्ला तामूंकडे बसवून या. एवढंच म्हणाली?

पेन आहे का तुमच्याकडे? त्या पुस्तकातला कागद काढा, तो सहीचा. कुठे करायची, इथे? — वाकडी आली, असू दे, ओळखेल ती. जाता जाता तपासनिसाला देऊन टाका.

तिला सांगा — नको, काही सांगू नका. साडेबाराला मुलं सुटतात. न्यायला तुम्ही येऊ नका, तिलाच पाठवा. पेला राहू द्या तिथेच. जा आता, आणि दार लोटून घ्या, मुलांचं लक्ष जातं.