जवारीतली सीडी

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, ते मला नीट माहीत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. कळमनुरीत संजयभाऊंचं टायपिंगचं दुकान आहे. तिथे मी माझा प्रकल्प छापायला जात असे. टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर कापडाने झाकून ठेवलेला दिसला, तेव्हा सहज विचारलं की हा विकून का टाकत नाही. त्यावर ते जे बोलले ते त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच बोलीत मांडलं आहे. कुठे उणं वाटलं तर तो दोष माझा.

आमी मूळचे डोंगरकड्याचे. अप्पा लोकाच्या वावरात सालानं, वर्षाच्या बोलीवर, राहायचे, माय हळद काढायला जायची, आन् आमी दोघं भाऊ, मी मोठा, राहुल माझ्याहून बराच धाकटा. मला मराठी टायपिंग आलं म्हणून कळमनुरीत एका वकिलाच्या पायरीपाशी बसलो, मंग हे दुकान टाकलं, लग्नपत्रिका, अर्ज, जयंतीची पत्रकं, काय सांगू तुमाला, त्या एका मशीनीवर घर उभं राहिलं. नांदेडच्या कोण्या हापिसानं काढून टाकलेली मशीन ती, अठ्ठ्याण्णवची विंडोज, आन् मराठी अक्षरं तिच्यातच बसवलेली. ती अक्षरं दुसऱ्या मशीनीत नेली की नुस्ते चौकोन, म्हणून बदलायची सोय न्हाई. आन् बाजारात तर सगळं नवं येऊन राहिलं. प्रिंटर नवा, माऊस नवा, चपट्या तोंडाच्या वायरी. लावली की मशीन विचारायची, हे कोण? हरेक वस्तूसंगं एक सीडी यायची, तिच्यात त्या वस्तूची ओळख करून देणारा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो घातल्याबिगर मशीन नव्याला जवळ करायची न्हाई. अप्पा हसायचे, म्हणायचे, एवढीशी मशीन आन् तिला हरेकाला येगळा ड्रायव्हर, आमच्या एसटीला तर एकच पुरतो.

राहुल मोबाईलचे टावर उभे करणाऱ्या ठेकेदाराकडं लागला. चढायला लहानपणापासून भारी पोरगं, चिंचेच्या शेंड्यावर बसून खालच्याला चिडवायचं. मायला सांगितलं, हापिसात काम हाय. मला खरं ठाऊक होतं. दिवाळीला आला तवा बोटाएवढा पेनड्राईव्ह घेऊन आला, गळ्यात घालायच्या दोरीचा, म्हणे साइटवरच्या साहेबानं दिला, ह्याच्यात माझे फोटो हायेत. मशीनीला लावला तर मशीन म्हणली, अनोळखी वस्तू. राहुल म्हणे, भाऊ, तुमची मशीन म्हातारी झाली, मी तिला दिसून न्हाई राहिलो. त्याच्यासंगची सीडी काढली, छोटी, तळहातात मावणारी, तेवढ्यात लाईट गेली. सकाळी त्याची गाडी होती. म्हणे तुमी फुरसतीनं पाहा, मी काय पळून चाललो का. पेनड्राईव्ह मायनं मण्यांच्या माळेसंगं गळ्यात घालून टाकला.

दर रविवारी त्याचा दुकानात फोन यायचा. मंग एक रविवार आला न्हाई, मंग दुसराबी न्हाई. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, तो तर घरी गेला. घरी कुठं आलाय, म्हणलं. दुसऱ्या टायमाला म्हणे, ह्या नावाचं पोरगं आमच्याकडं नव्हतंच. तिसऱ्या टायमाला फोन कोणी उचललाच न्हाई. ठाण्यात गेलो, ते म्हणले, आताचा फोटो आणा. घरात फोटो एकच, दहावीच्या अर्जाचा, मिशीबी फुटली नव्हती. त्याच्यावरून सख्खा मामाबी ओळखणार न्हाई. आताचं तोंड होतं ते मायच्या गळ्यात.

मी म्हणलं, माय, दे, नांदेडला नेतो. हिंगोलीच्या कॅफेवाल्यानं आधीच सांगितलं होतं, आमच्या मशीनीबी जुन्याच, नांदेडला न्या. मायनं मूठ आवळली. म्हणे, एक लेकरू शहरात गेलं ते आलं न्हाई, आता हेबी धाडू का? काय करायचं ते इथं माझ्यासमोर कर. किती समजावलं, न्हाई. मंग मशीनच दुकानातून घरी आणली आन् ती छोटी सीडी हुडकायला लागलो. पेटी पाहिली, फडताळ पाहिलं. माय म्हणे, चकाकती तीच काय? ती तर तुझ्या बापानं नेली जवारीत.

आमच्याकडं जवारी निसवली, कणसं बाहेर आली, की वावरात सीड्या बांधतात, पाखरं भितात म्हणून. दुकानातल्या खराब सीड्या अप्पाच घेऊन जायचे, त्यांच्यात हीबी गेली. मी वावरात शिरलो. डोक्याच्यावर जवारी, आन् सगळ्या रानात सीड्या टांगलेल्या, वारा आला की फिरायच्या, उजेडाचे डाग माझ्या तोंडावरून, हातावरून जायचे. पाखरू एक न्हाई. आवाज न्हाई. मला त्या रानात भ्या वाटलं, रोजच्या पायाखालच्या रानात. धुऱ्याजवळ, बांधाला, ती छोटी सापडली, उन्हानं पांढरी पडलेली, जवारीच्या ताटाला घासून घासून वरखडलेली.

घातली मशीनीत. घरघर, घरघर, निम्मी उतरली आन् अडकली. तरी मायच्या गळ्यातून काढून पेनड्राईव्ह लावला. मशीननं ह्या बारी अनोळखी न्हाई म्हणलं. इंग्रजीत विचारलं, ही डिस्क फॉरमॅट केलेली न्हाई, आता करू का? हो का न्हाई? अप्पा म्हणले, बराबर विचारून राहिली, हो म्हण ना. म्हणलं, अप्पा, हो म्हणलं की ह्याच्यातलं सगळं पुसून जातं. अप्पानं टेबलावरचा हात काढून घेतला आन् भिताडाला जाऊन टेकले. मी न्हाई म्हणलं. तिनं पुन्हा विचारलं. जेवढ्या बारी लावा तेवढ्या बारी तोच सवाल, आन् माय माझ्या बोटाकडं पाहून राहिलेली.

नांदेडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला, त्यानं तकलीफ ऐकून घेतली. म्हणे, दुसऱ्या कंपनीचा असाच ड्रायव्हर कवा कवा चालतो, फ्लॉपीत टाकून धाडतो. आपल्याकडं कसं, कोणाचा डबा, कोणाचं औषध, कळमनुरी गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतात, तशी ती फ्लॉपी आली. आधीचं अर्धमुर्धं काढलं, हे घातलं, मशीन बंद-चालू केली.

उघडलं. टावर, एक तळं, जेवणारी पोरं. आन् शेवटचा फोटो, राहुल पार टोकावर, एक हात लोखंडाला, एक हात आमच्याकडं हलवून राहिलेला, हसतोय. कमरेला पट्टा न्हाई. पट्टा खालच्या सळईला लोंबकळत होता. माय जवळ आली, काचेला बोट लावलं, म्हणे, ह्याच्यात हापिस कुठं हाय?

त्याच्या तोंडाचे फोटो छापले. एक ठाण्यात दिला. बाकीचे हिंगोलीच्या मोंढ्यात, मालाच्या बाजारात, हळद भरणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटले, मागं नाव आन् दुकानाचा नंबर लिहून. त्यांनी केबिनीत लावले. मंग काय, सालं गेली. अप्पा गेले. दुकानात नवी मशीन आली, तिला कायबी लावा, बिनातकलीफ ओळखते. ही जुनी ठेवली, कारण त्याला पहिल्यांदा हिनंच दाखवलं. माय पेनड्राईव्ह गळ्यातून काढत नव्हती, आंघोळीलाबी न्हाई.

अवंदा हळद मोंढ्यात यायला लागली तवा करीमचाचा दुकानात आला, ट्रकवाला. फोन करता आला असता, काहून आला असंल, हे मला त्याच्या चालण्यातच कळलं. बसला, म्हणे, बेटा, पहले पानी पिला. तेलंगणाकडच्या एका धाब्यावर जेवत होता, तिथला रोट्या भाजणारा केबिनीत फोटो पाहून म्हणला, हा आमच्याकडं जेवायचा. समोरच्या टावरवरून पडला. ठेकेदाराची जीप त्याच सांजेला बाकीची पोरं भरून निघून गेली, आन् गाववाल्यांनी त्याला तळ्याच्या काठाला मूठमाती दिली, वर एक दगड ठेवला. त्याच साली, जवारी निसवायच्या आधी, म्हणे. म्हणजे मी वावरात शिरलो तवा तो मातीत होता. करीमचाचानं फोटो तिथंच ठेवला, मागचं नाव त्यांना वाचून दाखवलं, आन् त्यांनी ते दगडावर रंगानं घातलं.

मी घरी जाऊन मायला सांगितलं. ती रडली न्हाई. गळ्यातली दोरी काढली, मण्यांत गुंतली होती ती सोडवली, पेनड्राईव्ह माझ्या हातावर ठेवला आन् म्हणे, ने आता कुठं न्यायचं तिथं.