नाईकाच्या विहिरीचे खाने

...अन् वर तहसिलीतले म्हणतात, तांड्याला हिशेब कळत न्हाई. तुम्हाला सांगतो, भावसिंग नाईकानं ठेवला तसा हिशेब कुण्या दिवाणानं ठेवला नसंल, चुलीवर ठेवला, वाफ येईस्तोवर ठेवला... बसा, सांगतो.

पुसेगावजवळच्या तांड्यातल्या बाया पाण्यासाठी कोसभर चालून राहिल्या होत्या, म्हणून नाईकानं दोन उन्हाळे तहसिलीचे उंबरे झिजवले अन् विहीर मंजूर करून आणली. पहिला हप्ता, निजामाच्या हाली शिक्क्याचे चारशे रुपये. देताना पेशकार चष्म्यावरून म्हणाला, "देखो नाईक, पत्थर का खाना अलग, चूने का अलग, खुदाई का अलग. खाने में खाना मिलाया तो दूसरी किस्त बंद. और जो बचेगा, यहाँ जमा."

आता तो बापडा बोलत होता वहीतल्या रकान्यांचं. पण नाईकाच्या सात पिढ्यांत वही कुणी पाहिली? त्यांना खाना एकच ठाऊक, ताटात पडतो तो. घरी येऊन बायकोला म्हणाले, "नानीबाई, तीन चुली मांड. दगडवाल्यांचं जेवण न्यारं, चुनेवाल्यांचं न्यारं, खोदणाऱ्यांचं न्यारं."

"काहून? पोटं न्यारी हायेत का त्यांची?"

"सरकारी हुकूम हाये. खान्यात खाना मिसळायचा न्हाई."

झालं. दगडाला पिठलं, चुन्याला वरण, खोदाईला अंबाडी. भिकाबाई चुना कालवायची अन् तिचा नवरा दगड फोडायचा, तर वीस वर्षांची जोडी दुपारी पाठीला पाठ लावून जेवायची, का तर खान्यात खाना मिसळायचा न्हाई... अन् दस्तगीर गवंडी? त्याचा एक हात दगडात, एक चुन्यात, त्यानं कुठं बसावं? नाईकानं निवाडा केला, "अर्धी भाकर हिकडं, अर्धी तिकडं." दस्तगीर म्हणाला, "नाईक, दोन्हीकडं अर्धाच उठून राहिलो, पुरा कवा होऊ?" मग त्याच्यापायी चौथी चूल निघाली, किरकोळीची. तिच्यावर त्यानं स्वतः बकरं कापून चढवलं. वास लपतो का हो? आठ दिवसांत सारी विहीर किरकोळीत जेवून राहिली.

चारशे संपले तेव्हा खड्डा दोन परस, दोन माणसं उभी बुडतील एवढा, अन् कोरडा ठणठणीत. दुसरा हप्ता न्हाई आला तर बायांची कोसभर चाल काही सुटत न्हाई. नाईकानं उरलंसुरलं चार गाडग्यांत भरलं, तोंडाला फडकी बांधली, बैलगाडी जुंपली अन् पेशकाराच्या मेजावर ओळीनं मांडलं.

"शिल्लक, हुजूर. बराबर हाये. खान्यात खाना मिसळला न्हाई."

पेशकारानं पहिलं फडकं सोडलं, दुसरं सोडलं, तिसऱ्याला नाक मुरडलं... चौथ्यापाशी थांबला. बराच वेळ थांबला. मग बोटं पुसत म्हणाला, "किरकोल का हिसाब सबसे साफ है. किस्त मंजूर. मगर साहब खुद देखने आएँगे, ग्यारह आदमी लेकर."

नाईक परतले. विहिरीला पाणी लागलं नव्हतंच, चुलींच्या धुरानं नानीबाईच्या डोळ्यांना तेवढं लागलं होतं.

"मिळाला का हप्ता?"

"मिळाला."

"मग काढू टिकाव-फावडी?"

नाईकानं बैल सोडले, धोतरानं तोंड पुसलं, अन् म्हणाले, "राहू दे. पाचवी चूल मांड... तपासणीचा खाना न्यारा."